चालू वाफा

बाबांना चार नंबरच्या खाटेवर निजवलं, तेव्हा मी आधी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे बघत होते. डब्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लुकलुकत होता आणि ती लुकलुक माझ्या ओळखीची होती. किती वेळाने लुकलुकायचं हे मीच ठरवलं होतं, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आमच्या घरी, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून. वाशिमच्या या दवाखान्यात आमच्या कंपनीची यंत्रं आहेत हे मला माहीत नव्हतं. दवाखान्यांची नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, नुसते नंबर येतात.

दुसरं कोणी असतं तर त्याला धीर आला असता. मला आला नाही. ही यंत्रं कुठे कच्ची आहेत याची महिनाभरापासून मला शंका होती, आणि ती शंका मी कामाच्या यादीत रोज एकेक ओळ खाली ढकलत होते.

बाबा सकाळी मेथीच्या वाफ्यातच खाली बसले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. काकांनी त्यांना गाडीत घालून आणलं, आई घरी राहिली, कारण भाजी काढायला बाया आलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ठोके मधेच मंदावतात, मधेच एखादा गळतो. दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवू, घाबरायचं काही नाही, फक्त ठोके मंदावले की आम्हाला लगेच कळलं पाहिजे. या ‘लगेच’वर तर माझा पगार चालतो.

माझं काम काय हे मी घरात अनेकदा सांगून बघितलं आहे. बाबा दर वेळी ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, “म्हंजे दिसभर खुर्चीवरच ना?” तर ते काम असं. वॉर्डात सहा खाटा. दाराजवळच्या लोखंडी कपाटात तीन छोटे कॉम्प्युटर. प्रत्येक खाटेवरच्या माणसाचे ठोके, श्वास, रक्तातला ऑक्सिजन हे सगळं त्या तिघांकडे येतं. ते तपासतात, आणि काही बिघडलं तर सिस्टरच्या टेबलावर भोंगा वाजवतात. शिवाय त्यांना इतरही कामं असतात, म्हणजे पडद्यावर रेघा काढणं, माहिती साठवणं, ड्युटी बदलताना साऱ्या वॉर्डाचा अहवाल तयार करणं. कामं पुष्कळ आणि यंत्रं तीन. मग कोणाला किती वेळ द्यायचा? मी प्रत्येक सेकंदाचे तुकडे पाडते आणि कोणता तुकडा कोणासाठी राखीव ते ठरवते. ठोके तपासणाऱ्या कामाचा तुकडा सगळ्यांत आधी राखून ठेवायचा. भोंगा दोन सेकंदांच्या आत वाजला पाहिजे. तिसऱ्या सेकंदाला वाजलेला भोंगा कितीही बरोबर असला तरी आमच्या धंद्यात तो चूक धरतात.

हे सगळं मी कॉलेजात शिकले असं कागदावर आहे. खरं तर मी ते विहिरीवर शिकले.

आमची विहीर चार घरांत आहे, आमची, काकांची आणि शेजारच्या दोन मळेवाल्यांची. दिवसा लाइट असते तेवढ्या वेळाचे चार भाग करून प्रत्येकाची पाळी ठरलेली. मोटर एकच. पाळी तुमची असेल पण पाणी नको असेल, तर तुम्ही बांधावरून हाक मारायची, आणि शेजाऱ्याने तुमच्या पाळीत आपली भाजी भिजवून घ्यायची. पाणी वाया घालवणं आमच्याकडे पापात जमा आहे. मधेच मालकाला पाणी लागलं तर तो फावडं घेऊन येतो, आणि उसनी पाळी तिथे संपते. पण एक रीत आहे. चालू वाफा तोडायचा नाही. वाफा अर्धा भरलेला असेल तर मालक दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेला बसतो, तंबाखू मळतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी करतो, वाफा भरू देतो आणि मग पाणी आपल्याकडे वळवतो. अर्धा भिजलेला नि अर्धा कोरडा वाफा कोणाच्याच कामाचा नसतो. भरत्या वाफ्यातून पाणी तोडणाऱ्या माणसाबद्दल आमच्या शिवारात दोन-दोन वर्षं बोलतात.

तीन वर्षांपूर्वी मी हीच रीत त्या कॉम्प्युटरांना लावली. राखीव वेळ ज्याचा आहे त्याला तो लागत नसेल, तर दुसऱ्याने वापरावा. मालकाला लागला की परत द्यावा. पण सुरू झालेला तुकडा मधेच तोडू नये, पुरा होऊ द्यावा. प्रोग्राममध्ये मी त्या नियमाचं नावही ‘वाफा’च ठेवलं. पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, हे काय? मी ऐटीत समजावून सांगितलं. सगळ्यांना फार आवडलं. पडद्यांचं अडखळणं थांबलं, कामं भराभर उरकायला लागली, माझी वाहवा झाली. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की तुमच्या विहिरीचा कायदा मी भिंतीवरच्या डब्यांत घातला. ते म्हणाले, “मंग मोटर जळली तं मले नोको सांगू.”

आता चूक सांगते. वाफा केवढा असावा हे मी लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे ते कोणी लिहीत नाही. वाफा माणूस फावड्याने घालतो, तो मोठा घातला तर पाणी पलीकडच्या टोकाला पोहोचतच नाही, म्हणून तो आपोआप लहान असतो. दांडावर बसलेल्या माणसाची तंबाखू मळून होते तोवर तो भरतो. ही मर्यादा आमच्या रीतीत न बोलता बसलेली आहे, आणि मी रीत उचलली, मर्यादा विहिरीवरच राहिली. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका टीमने अहवालाचा नवा प्रोग्राम आणला. त्यात साऱ्या वॉर्डाचा अहवाल एकाच तुकड्यात तयार होतो. म्हणजे अख्ख्या शेताचा एकच वाफा. मी ते वाचलं, मला खटकलं, आणि मी मनाशी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

तिन्ही कॉम्प्युटर चालू असले तर काही बिघडत नाही. तिसरा बराचसा मोकळा असतो, अहवाल त्याच्याकडे जातो. म्हणून बाबांना सलाइन लावत होते तेव्हा मी दाराजवळच्या कपाटापाशी गेले आणि जाळीतून आत बघितलं. दोन दिवे हिरवे होते. तिसरा विझलेला होता.

“कालपासून बंद हाये ताई,” सिस्टर म्हणाल्या. चांगल्या होत्या, पायांना चाकं लावल्यासारख्या फिरत होत्या. “अकोल्यावरून मानूस उद्या येते म्हने. पन चालू हाये ना सगळं, पाहा ना.”

चालू होतंच. एक बंद पडला तर त्याचं काम बाकीच्या दोघांनी वाटून घ्यायचं, तेही आम्हीच शिकवलेलं. फक्त आता अहवालाला स्वतःची जागा उरली नव्हती. खाटांच्या राखीव वेळात क्षणभर फट दिसली की तो आत शिरणार होता, आणि एकदा शिरला की माझ्या नियमाप्रमाणे त्याला कोणी उठवणार नव्हतं.

मला एरवीही एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. त्या दिवशी तर मी बाबांच्या खाटेपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की पाच नंबरच्या खाटेवरच्या मावशी वैतागल्या. “बस व बाई, तुह्यानं मले चक्कर येऊन राह्यली,” म्हणाल्या. साठीच्या असतील. इंझोरी गावच्या. दम लागत होता म्हणून आणलेल्या, दोन दिवसांत बऱ्या होऊन तोंड सुटलेलं. सोबत सून होती. सुनेने डब्यातली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला, तोवर मावशींनी बाबांची सगळी चौकशी केली होती. भाजीवाले आहेत कळल्यावर तर त्यांनी पाठच सोडली नाही.

“माह्या लेकानं वांगे लावले, तं शेंडेच वाकून राह्यले. काहून वाकत असतीन?”

“अळी हाये ते,” बाबा निजल्या निजल्या म्हणाले. “वाकला शेंडा तोडा अन् बांधाच्या बाहीर नेऊन गाडा. वाफ्यातच टाकान तं काई फायदा नाही.”

“मी तेच म्हनलं त्याले! ऐकते काय तो?”

दोघांच्या छातीला तारा, मधे स्टँड, आणि वांग्यांवर चर्चा चाललेली. मला हसू यायला हवं होतं. मी मोबाइलचं इंटरनेट लावून बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. दवाखान्याचा नंबर शोधला आणि आदल्या दुपारची नोंद काढली. दोन वाजता ड्युटी बदलताना अहवाल सुरू झाला होता आणि तेवढ्यात चार, पाच आणि सहा नंबरच्या खाटांची तपासणी सहा सेकंद अडकून पडली होती. त्या सहा सेकंदांत कोणाला काही झालं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

तेव्हा सरळ करायची गोष्ट एकच होती. आमच्या टीमची प्रमुख माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, माझं तिच्याशी अगं-तुगं आहे. तिला फोन करायचा आणि म्हणायचं, माझा नियम चुकला, या दवाखान्यातला अहवाल आत्ता बंद कर. मी तिला निरोप लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या. ‘माझा नियम’ खोडून ‘वाफा नियम’ केलं. मग तेही खोडलं. ज्या एका गोष्टीसाठी ऑफिसात मला ओळखतात ती गोष्टच चुकली असं लिहायला माझा हात होईना.

मग मी दुसरं केलं. लहान बदल दुरून करायची मला परवानगी होती. त्याला दुसऱ्या कोणाची तरी संमती लागते, पण घाईच्या वेळी कारण लिहून ती पायरी ओलांडता येते. मी चार नंबरच्या खाटेला मुभा दिली. चार नंबरला वेळ लागला की चालू वाफा तोडायचा आणि वेळ आधी चार नंबरला द्यायचा. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘चाचणी’.

सगळ्या खाटांना ती मुभा का दिली नाही, असं कोणीही विचारेल. सगळ्यांसाठी नियम मोडायचा तर तो सगळ्यांना दिसला असता, विचारणा झाली असती. एका खाटेचा बदल खपून जातो. आणि त्याचा परिणाम काय होणार हे मला माहीत होतं. हे लिहायचं टाळावंसं वाटतं म्हणूनच लिहून टाकते. चार नंबरसाठी वाफा पुन्हा पुन्हा तोडला की तो भरायला जास्त वेळ लागतो, आणि मागे उभा असलेला तितका जास्त वेळ थांबतो. त्या यंत्रावर चारच्या मागे पाच होतं. मी आकडा मांडूनही बघितला होता. सहा सेकंदांचे दहा-बारा होणार होते, दिवसातून दोनदा, अहवालापुरते. अकोल्याचा माणूस उद्या येणारच आहे, मी म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.

आत आले तर मावशी बाबांना सांगत होत्या की बरं झाल्यावर त्या आमचा मळा बघायला येणार आहेत. बाबा म्हणाले, “या ना. सांबार नेजा दोन जुड्या.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि बाबांचा सांबार शेलूबाजारपर्यंत जातो, त्याचा त्यांना अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकोल्याचा माणूस आला नाही. बाबा खाटेवर चुळबुळत होते. “आज माही पाळी हाये. तुह्या काकानं मेथीले पानी देल्लं का नाही, फोन लाव.” मी लावला. दिलं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा, “मिरचीच्या रोपाले इचार.” चुळबुळ मला कोणाकडून आली हे त्या दोन दिवसांत नीट कळलं. मी घड्याळ बघत होते. दीड, पावणेदोन. मी स्वतःला बजावत होते की अहवाल रोजच निघतो, रोज काय होतं?

दोनला पाच मिनिटं कमी असताना सून औषधं आणायला खाली गेली. सिस्टर टेबलावर पाठ करून रजिस्टर लिहीत होत्या, नव्या ड्युटीच्या सिस्टर अजून यायच्या होत्या. मी चार आणि पाचच्या मधे उभी होते. दोन वाजले. मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्यांच्या उशाजवळच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला. एकोणनव्वद. पंच्याऐंशी. एकोणऐंशी. पडद्याने स्वतःची बारीक टिकटिक सुरू केली, पण ती टिकटिक त्या वॉर्डात दिवसभर चालते, कोणी कूस बदलली तरी होते, म्हणून तिचा आवाज कमी ठेवलेला असतो आणि तिच्याकडे कोणाचा कान नसतो. खरा भोंगा टेबलावरचा. मी टेबलाकडे बघितलं. टेबल गप्प.

आणि मी मोजायला लागले.

याला मी सवय म्हणू शकते. गेली कित्येक वर्षं मी हेच करते, गोष्ट घडली की ती पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजते. एक. दोन. इथे वाजायला हवा होता. तीन. चार. मावशींचे ओठ निळसर दिसत होते. पाच. मला माहीत होतं आत काय चाललं आहे, अहवाल भरतोय, बाबांसाठी तोडला जातोय, पुन्हा भरतोय, आणि मावशी मागे उभ्या आहेत. सहा. सात. त्या क्षणी माझ्या डोक्यात मावशी नव्हत्या. माझा आदल्या दिवशीचा आकडा बरोबर येतो का, हे होतं. आठ. नऊ.

“सिस्टर!” मी ओरडले.

त्या वळल्या, एक नजर टाकली आणि धावल्या. खाट उंच केली, मास्क लावला, डॉक्टरांना हाक मारली. त्या खाटेपाशी पोहोचल्यावर मागे टेबलावरचा भोंगा वाजला. डॉक्टर आले, सुई दिली, मला बाजूला ढकललं. बाबा तारांसकट उठून बसले होते. पंधरा-वीस मिनिटांनी मावशींचे ओठ पुन्हा माणसासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर लक्षात आलं. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ह्या ताईचं ध्यान व्हतं म्हनून.” सून औषधांची पिशवी घेऊन वर आली, तिला कोणीतरी सांगितलं, आणि ती सरळ माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. अशी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

बाहेर जाऊन मी नोंद उघडली. पाच नंबरचा भोंगा पंधरा सेकंदांनी वाजला होता. माझा आकडासुद्धा चुकला होता. चार नंबरची एकही तपासणी उशिरा झाली नव्हती. बाबांचे ठोके त्या सबंध दिवसात एकदाही मंदावले नव्हते.

आत आले तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते.

“तोंड काहून उतरलं तुहं? वाचली ना बाई.”

मी स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, सेकंद, अहवाल असं सांगत होते. त्यांनी हात वर केला. “इहिरीचं सांग.” मग मी विहिरीचं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत राहिले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे तिच्या पाळीत तू आपला दांड फोडला.”

“हो.”

“माह्यासाठी?”

“हो बाबा.”

“मले इचारलं व्हतं काय?”

मला वाटलं ते रागावतील, आवाज चढवतील, त्यांचा आवाज चढला की शेजारच्या मळ्यात ऐकू जातो. त्यांनी पडल्या पडल्या तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, “आंधी तिचं पानी तिले दे. मंग तिच्या जोळ जाऊन सांग.”

“सिस्टरांना सांगते, आमच्या ऑफिसात सांगते. मावशींना यातलं काय कळणार?”

“काहून?” बाबा म्हणाले. “इंझोरीत इहिरी नाहीत काय?”

मी टीमच्या प्रमुखला फोन लावला. या वेळी काही खोडलं नाही. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मी बोलत असतानाच तिने त्या दवाखान्यातला अहवाल बंद केला. मी चार नंबरची मुभा काढली. मग तिने विचारलं, “कारणात ‘चाचणी’ लिहिलंयस?”

“ते खोटं आहे.”

“मग खरं लिही. मी नाही बदलणार, तूच बदल.”

मी चौकटीत लिहिलं, ‘चार नंबरवर माझे वडील आहेत.’ एवढंच लिहिलं. ती म्हणाली, वाफ्याला मर्यादा घालण्याचं काम आजच दुसऱ्यांकडे देते. जिथे जिथे तो नवा अहवाल आहे तिथे आधी तो थांबवते. दवाखान्याला जे घडलं ते कळवावं लागेल, तू स्वतः डॉक्टरांशी बोल. “आणि चौकशी होईपर्यंत तुझा प्रवेश बंद ठेवावा लागेल. समजतंय ना?” मी म्हटलं, समजतंय. फोन ठेवला, तोवर पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट आली होती. सवयीने मी तो टाकला. घेतला नाही. पुन्हा टाकला. तीन वर्षं जे दार मी रोज उघडत होते ते बाहेरून बघताना माझी बोटं नुसती वळवळत होती.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, सगळं लिहून घेतलं आणि उशाजवळच्या सगळ्या पडद्यांचे आवाज मोठे करायला सांगितले. वॉर्ड एकदम किलबिलाटाने भरून गेला. पाचच्या सुमाराला अकोल्याचा माणूस आला, त्याने कपाट उघडलं, धूळ झटकली आणि पंखा बदलला. तिसरा दिवा हिरवा झाला. मी खिडकीपाशी उभी राहून बघितलं. माझं तिथे आता काही काम नव्हतं.

मग मावशी राहिल्या. मी खिडकीपासून पाच नंबरपर्यंत जायला फार वेळ लावला. एकदा पाणी प्यायले. एकदा आईला फोन केला, भाजी किती निघाली विचारलं. बाबा डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते हे मला त्यांच्या पायाच्या हलत्या अंगठ्यावरून कळत होतं.

मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. मास्क खाली ओढून सून त्यांना चमच्याने चहा पाजत होती. मला बघून त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं.

“तूच व्हती ना व?” त्या म्हणाल्या. आवाज अजून फाटका होता. “मले सगळं काळं-काळं दिसून राह्यलं व्हतं. पन कोनीतरी आकडे म्हनत व्हतं. एक, दोन, तीन. माह्या कानाशीच. म्या म्हनलं, कोनी तरी हाये आपल्या जोळ. त्याच्यावरच ध्यान ठिवलं म्या.”

मी तोंडाने मोजत होते हे मला तेव्हा कळलं. सून पदराने डोळे पुसत होती. माझं मनगट मावशींच्या हातात होतं. तिथे थांबता आलं असतं. त्यांनी मला दिलेली गोष्ट घेऊन मी गुपचूप चार नंबरवर परत जाऊ शकले असते, आणि आयुष्यभर इंझोरीत कोणीतरी माझं नाव चांगलं घेतलं असतं.

मी त्यांना विहिरीचं सांगितलं. चार घरांची विहीर, एकच मोटर, चालू वाफा. हा डबा म्हणजे मोटर, मावशी, आणि तुमच्या पाळीतलं पाणी मी काल माझ्या बापाच्या वाफ्यात वळवलं. म्हणून तुमचा भोंगा वाजला नाही. आणि तो वाजत नाही हे मला दिसत होतं, तुमचे ओठ निळे झाले तेही दिसत होतं. मी तुमच्यासाठी आकडे म्हणत नव्हते. किती उशीर होतो ते मोजत होते.

सुनेचा चमचा कपात तसाच राहिला. मावशींनी माझं मनगट सोडलं नाही, पण त्यांची बोटं सैल झाली. त्यांनी भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं.

“आता नीट झालं काय ते?”

“हो. तुमची पाळी तुम्हाला दिली. बाकीच्यांचीही.”

“कितीपर्यंत मोजलं व्हतं तू?”

“नऊ.”

मावशींनी मान हलवली. त्यांनी ओठ हलवून आवाज न करता मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि मधेच दम लागून थांबल्या. सून मास्क वर घ्यायला लागली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

“लय व्हतात व नऊ,” त्या म्हणाल्या.